डोनाउबाख : उगमाचा प्रश्न आणि नावाचा प्रश्न (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

‘शंभर मीटरांची डोनाउ’ या माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतक्या लहान ओहोळाविषयी इतक्या आस्थेने कोणी वाद घालावा याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. ज्यांनी मूळ लेख किंवा आपली प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील डोनाउएशिंगेन या गावात, राजवाड्याच्या उद्यानातील एका गोल कुंडातून डोनाउबाख नावाचा ओहोळ निघतो आणि जेमतेम शंभर मीटर वाहून ब्रिगाख नदीला मिळतो. मी त्याला डोनाउच्या, म्हणजे आपल्याकडे डॅन्यूब या नावाने परिचित असलेल्या नदीच्या, उगमाचे स्थान दिले. आपल्या मते हे भूगोलाला धरून नाही, कारण सर्वांत लांबचा शीर्षप्रवाह, म्हणजे ज्यांतून नदी तयार होते त्या वरच्या प्रवाहांपैकी सर्वांत लांब प्रवाह, ब्रेग हा आहे. ओहोळाला मिळालेले डोनाउचे नाव एका संस्थानिक घराण्याच्या हौसेतून आणि पर्यटनाच्या गरजेतून आलेले आहे, टायबेरियसविषयीचे माझे विधान निराधार आहे, आणि डॅन्यूब हे नाव वेदांतील ‘दानु’ या शब्दावरून आलेले असताना मी ते मराठी वाचकांना सांगितले नाही, असेही आपण लिहिले आहे.

टायबेरियसविषयी आपण बरोबर आहात आणि मी चुकलो. इ. स. पूर्व १५ मध्ये रोमन सेनापती टायबेरियस, जो पुढे सम्राट झाला, याने बोडेनझे सरोवराच्या परिसरात लढाई केली आणि तेथून एका दिवसाच्या वाटचालीवर त्याने इस्टर नदीचे, म्हणजे डोनाउचे, उगम पाहिले, एवढेच प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवले आहे. त्याने कोणता झरा पाहिला, तो झरा डोंगरात होता की पठारावर, याबद्दल त्या ग्रंथात एक अक्षरही नाही. ‘टायबेरियस याच कुंडाकाठी उभा राहिला’ हे माझे वाक्य स्थानिक अभिमानाला शोभण्यासारखे होते, परंतु लेखात त्याला जागा नव्हती. मी ते काढून टाकले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ब्रेग ही नदी फुर्टवांगेन या गावाच्या वर, मार्टिन्सकापेले या छोट्या देवळाजवळ, समुद्रसपाटीपासून १०७८ मीटर उंचीवर उगम पावते. तेथील फलकावर लिहिले आहे की हा डोनाउचा मुख्य शीर्षप्रवाह असून येथून मुखापर्यंतचे अंतर २८८८ किलोमीटर आहे आणि ऱ्हाइन व डोनाउ यांचा जलविभाजक येथून अवघ्या १०० मीटरांवर आहे. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्या माळावर पडलेल्या पावसाचा एक थेंब थोडा पश्चिमेकडे सरकला तर एल्त्स नदीतून ऱ्हाइनला आणि तिथून उत्तर समुद्राला जातो, थोडा पूर्वेकडे सरकला तर काळ्या समुद्राची वाट धरतो. ब्रिगाख ही दुसरी नदी सांक्ट गेओर्गेनजवळ एका शेतकऱ्याच्या घरापाशी सुमारे ९२५ मीटर उंचीवर उगम पावते. या दोघी ब्लॅक फॉरेस्टच्या उतारावरून खाली येतात आणि डोनाउएशिंगेनच्या पूर्वेस एकमेकींना मिळतात, आणि अधिकृत नकाशांवर डोनाउ हे नाव या संगमापासून सुरू होते. ‘ब्रिगाख उंड ब्रेग ब्रिंगेन डी डोनाउ त्सूवेग’ (ब्रिगाख आणि ब्रेग मिळून डोनाउला वाटेला लावतात) ही ओळ जर्मन मुले शाळेत पाठ करतात. दोघींपैकी ब्रेग अधिक लांब आहे, तिचे पाणलोट क्षेत्र मोठे आहे आणि तिला पाणीही जास्त आहे. नदीची लांबी मोजताना मुखापासून सर्वांत दूर असलेला बिंदू धरायचा हा जलशास्त्रातील प्रचलित संकेत आहे, आणि त्या संकेतानुसार ब्रेगचा झरा हाच डोनाउचा सर्वांत दूरचा उगम ठरतो. यावर मला कसलाही वाद घालायचा नाही आणि मूळ लेखातही मी तो घातलेला नव्हता.

परंतु आपण पुढे जे अनुमान काढता तिथे मी थांबतो. ब्रेग सर्वांत लांब आहे, म्हणून डोनाउ हे नाव तिचेच असले पाहिजे आणि इतर कोणी ते घेतले तर ती बनावट आहे, असा आपला युक्तिवाद आहे. लांबीवरून नाव ठरते असा नियम नद्यांच्या बाबतीत कोठेच पाळला गेलेला नाही, खुद्द डोनाउच्या बाबतीतही नाही. पासाउ येथे आल्प्समधून आलेली इन नदी डोनाउला मिळते. संगमावर इनचे वार्षिक सरासरी पाणी डोनाउपेक्षा काहीसे जास्तच असते, तरी पुढे वाहणाऱ्या नदीला कोणी इन म्हणत नाही. चेक प्रदेशात म्येल्निक येथे व्हल्तावा आणि एल्बे यांचा संगम होतो. तेथपर्यंत व्हल्तावा एल्बेपेक्षा लांबही आहे आणि तिला पाणीही जास्त आहे, पण पुढे हँबुर्गपर्यंत नाव चालते ते एल्बेचे. याहून बोलके उदाहरण वेझरचे आहे. वेरा आणि फुल्डा या दोन नद्या ज्या गावी मिळतात तेथून पुढे नदीला वेझर म्हणतात, पण भाषाशास्त्र सांगते की वेरा आणि वेझर ही मुळात एकाच नावाची दोन रूपे आहेत. वरच्या भागातील आणि सपाटीवरील जर्मन बोलींनी एकच नाव वेगवेगळ्या प्रकारे उच्चारले आणि नकाशावर त्यातून दोन नद्या झाल्या. नाव कोणाला मिळाले हे ठरवताना कोणीही मोजपट्टी हातात घेतलेली नव्हती. कोणत्या काठावर वस्ती आधी झाली, कोणती खोरी परस्परांशी जोडलेली होती आणि नदीकाठचे लोक कोणती बोली बोलत होते, यावरून ती नावे पडली.

म्हणून डोनाउबाखकडे पाहताना ‘हा उगम आहे का’ आणि ‘याला हे नाव का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. माझ्या लेखाचा विषय दुसरा प्रश्न होता. तो पुरेसा स्पष्ट झाला नाही हा माझ्या मांडणीतील दोष आहे, आणि तो दूर व्हावा म्हणून येथे अधिक तपशील देतो.

डोनाउएशिंगेन हे गाव बार नावाच्या उंच, मोकळ्या पठारावर आहे. पश्चिमेला ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आणि पूर्वेला श्वेबिश आल्बचा चुनखडीचा प्रदेश यांच्यामध्ये हे पठार पसरले आहे. त्याच्या पोटात चुनखडीचे थर आहेत आणि त्यांतून फिरणारे पाणी उद्यानातील त्या जागी दाबाने वर येते. तेथे पाणी कडेने ओघळत येत नाही, तळातून वर उसळते, आणि स्वच्छ हवेत कुंडाच्या तळाशी बुडबुडे उठताना दिसतात. मी तेथे गेलो होतो तेव्हा बराच वेळ ते बुडबुडे पाहत उभा होतो. ओफेनबुर्गहून कॉन्स्टान्त्सकडे जाणारी ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे सांक्ट गेओर्गेनपासून ब्रिगाखच्या सोबतीने खाली उतरते. खिडकीतून ती नदी हळूहळू रुंदावताना पाहिलेली असल्यामुळे, एवढ्या पाण्यापुढे हा ओहोळ किती लहान आहे हे मला चांगलेच जाणवले होते. त्याचे महत्त्व पाण्याच्या प्रमाणात आहे असे मला तेव्हाही वाटले नाही.

आज हा ओहोळ कुंडातून निघतो, जमिनीखालच्या मार्गाने जातो आणि ब्रिगाखच्या काठावरील एका छोट्या स्तंभमंडपाखालून नदीत पडतो. हा मंडप १९१० मध्ये सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या देणगीतून उभा राहिला. पण ही सारी रचना अलीकडची आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत सुटलेला मुद्दा नेमका येथे आहे. एकोणिसाव्या शतकात उद्यानाची फेररचना होईपर्यंत हा ओहोळ ब्रिगाखला लगेच मिळत नसे. तो तिच्याशी समांतर, सुमारे दोन किलोमीटर, स्वतःच्या पात्रातून पूर्वेकडे वाहत जाई आणि संगमाच्या परिसरात इतर पाण्याला मिळे. म्हणजे जुन्या काळी त्या सपाट, दलदलीच्या कुरणांत तीन प्रवाह जवळजवळ एकत्र येत होते. त्यांपैकी दोघांची नावे ब्रिगाख आणि ब्रेग होती आणि तिसऱ्याला परंपरेने डोनाउ मानले जात होते. पुढे एकत्र वाहणाऱ्या नदीने त्यांतील एक नाव चालू ठेवले, यात मला काहीच अनैसर्गिक दिसत नाही. आज आपल्याला शंभर मीटरांचा ओहोळ आणि काळ्या समुद्रापर्यंत जाणारी नदी यांच्यात एकच नाव विभागलेले विचित्र वाटते, त्याचे एक कारण असे की त्या दोघांना जोडणारे दोन किलोमीटरांचे पात्र माणसाने बुजवून टाकले आहे.

आता संस्थानिक घराण्याच्या आक्षेपाविषयी. फ्युर्स्टेनबेर्ग घराण्याने आपली राजधानी डोनाउएशिंगेनला हलवली ती १७२३ मध्ये. कुंडाची दगडी बांधणी एकोणिसाव्या शतकातील आहे आणि ‘माता बार आपल्या कन्येला, तरुण डोनाउला, वाट दाखवते आहे’ हा आडोल्फ हेर यांनी घडवलेला शिल्पसमूह १८९५ च्या सुमाराचा आहे. त्यामागे घराण्याचा अभिमान होता, आणि मंडपामागे सम्राटाचा, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु नाव या सगळ्याच्या कितीतरी आधीचे आहे. इ. स. ८८९ मधील दानपत्रात, ज्यानुसार राजा आर्नुल्फने हे ठिकाण रायखेनाउच्या मठाला दिले, गावाचे नाव केवळ ‘एस्गिंगा’ असे येते. शेवटचा ‘-इंगेन’ हा प्रत्यय आलेमान या जर्मानिक जमातीच्या वसाहतींत सर्वत्र आढळतो आणि तो मूळ वसाहतकर्त्याच्या नावाला जोडला जातो. ‘डोनाउ’ हा पहिला भाग त्याला पुढे मध्ययुगात जोडला गेला, म्हणजे पहिला फ्युर्स्टेनबेर्ग राजपुत्र तेथे राहायला येण्यापूर्वी काही शतके. गावाला नदीचे नाव जोडणारे लोक शेतकरी, भिक्षू आणि लेखनिक होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पर्यटक नव्हते. घराण्याने नावाभोवती चौकट उभारली, नाव आधीपासूनच तेथे होते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे आणि तो आपण मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. रोमन इतिहासकार टॅसिटसने ‘जर्मानिया’ या ग्रंथाच्या आरंभीच लिहिले आहे की डोनाउ आब्नोबा पर्वताच्या मंद उताराच्या माथ्यावरून वाहत निघते. आब्नोबा म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट. पठारावरील, सपाट उद्यानातील झऱ्याला हे वर्णन लागू पडत नाही. ते ब्रेगला किंवा ब्रिगाखला लागू पडते. म्हणजे रोमन भूगोलाला नदीचा आरंभ डोंगरात होतो हे ठाऊक होते. फुर्टवांगेनच्या लोकांनी टॅसिटसचा आधार घेतला तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण त्याच रोमन काळातील दुसरी गोष्ट उलट दिशेने बोलते. डोनाउएशिंगेनच्या शेजारी, ब्रेगच्याच काठावर, आजच्या ह्युफिंगेन येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन छावणी होती. तिचे नाव ब्रिगोबान्निस. या नावातील ‘ब्रिग’ हा भाग ब्रेग आणि ब्रिगाख यांच्या नावांशी जोडला जातो आणि तो रोमनांच्याही आधीच्या केल्टिक थरातला आहे. याचा अर्थ असा की ज्या काळात खालच्या नदीला दानुबियस म्हणत होते, त्या काळी वरच्या खोऱ्यातील या पाण्याला स्वतःचे, वेगळे नाव होते. ब्रेगचे नाव कोणी हिरावून घेतलेले नाही. तिला डोनाउ म्हणावे ही मागणीच मुळात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर धरू लागली आणि दोन गावांतील तो वाद राज्य सरकारपर्यंत गेला. त्या मागणीमागेही पर्यटनाचा विचार होता, आणि तो असण्यात काही गैर नाही. मात्र पर्यटनाचा आरोप एकाच गावावर करणे न्याय्य होणार नाही.

आपण लिहिले आहे की ‘शेवटी पाणी कोठून येते यावरच सारे ठरते’. हे वाक्य वाचल्यापासून मी इमेंडिंगेनचा विचार करतो आहे, कारण या नदीच्या बाबतीत त्या कसोटीने भलतेच उत्तर मिळते. संगमापासून काही अंतर खाली, इमेंडिंगेन गावाजवळ, डोनाउचे पाणी पात्रातील चुनखडीच्या भेगांतून जमिनीत शिरते. वर्षातील अनेक दिवस ते इतके शिरते की पात्र पूर्ण कोरडे पडते आणि माणसे गोट्यांवरून चालत पलीकडे जातात. हे पाणी कोठे जाते हे १८७७ मध्ये कार्ल्सरूहचे प्राध्यापक आडोल्फ क्नोप यांनी सिद्ध केले. त्यांनी नदीच्या गळतीच्या जागी मीठ आणि चमकणारा हिरवा रंग सोडला, आणि सुमारे अडीच दिवसांनी दक्षिणेला १२ किलोमीटरांवरील आखटॉफ या झऱ्यातून हिरवे, खारट पाणी बाहेर आले. आखटॉफ हा पाण्याच्या प्रमाणाने जर्मनीतील सर्वांत मोठा झरा आहे. त्यातून निघणारी आख नदी बोडेनझे सरोवराला मिळते, आणि बोडेनझेमधून वाहते ती ऱ्हाइन. म्हणजे त्या दिवसांत ब्रेगचे पाणी, ब्रिगाखचे पाणी आणि डोनाउबाखचे पाणी, तिन्ही काळ्या समुद्राला न जाता उत्तर समुद्राला जाते. मार्टिन्सकापेलेच्या माळावर ज्या थेंबाने पूर्वेची वाट धरली होती त्याचीही अखेर एल्त्समध्ये गेलेल्या थेंबाशी गाठ पडते.

हे पाणी कोणाचे यावर जर्मन राज्ये न्यायालयातही गेली होती. वरच्या अंगाला बाडेन आणि खालच्या अंगाला व्युर्टेम्बेर्ग व प्रशिया यांच्यातील हा दावा १९२७ मध्ये जर्मन राज्यांमधील तंटे सोडवणाऱ्या न्यायालयापुढे होता आणि आंतरराष्ट्रीय जलकायद्याच्या अभ्यासात तो आजही उद्धृत होतो. आपल्या कसोटीनुसार, कोरड्या दिवसांत डोनाउचा उगम इमेंडिंगेनच्या खाली येऊन मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये शोधावा लागेल आणि पाऊस पडला की तो पुन्हा फुर्टवांगेनला न्यावा लागेल. असे कोणी करत नाही, आणि करूही नये. कोरड्या गोट्यांच्या त्या पात्रालाही तेथील लोक डोनाउच म्हणतात. पाणी नसतानाही नाव टिकते, यावरून नावाचे मूळ पाण्याच्या हिशेबात नाही हे मला पटते.

आता दानु. हा विषय मी मूळ लेखात टाळला हे खरे आहे. थोडक्यात लिहिला तर त्याचा विपर्यास होतो, म्हणून टाळला होता. ऋग्वेदात ‘दानु’ हा शब्द द्रव, थेंब, पाझर अशा अर्थाने येतो. ‘जीरदानु’ या विशेषणात, ज्याचे थेंब वेगाने येतात अशा अर्थाने, तो अनेक सूक्तांच्या शेवटच्या ऋचेत भेटतो. पाणी अडवून धरणाऱ्या वृत्राच्या मातेचे नावही दानु आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘दानु’ म्हणजे नदी. कॉकेशसमधील ओसेटियन ही इराणी शाखेची भाषा आहे आणि तीत आजही ‘दोन’ म्हणजे पाणी किंवा नदी. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील डॉन, द्नीपर आणि द्नीस्तर या नद्यांच्या नावांत हाच शब्द आहे. डोनाउचे लॅटिन रूप ‘दानुबियस’ हे केल्टिक भाषेतून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि जर्मन भाषकांनी ते केल्टांकडून घेतले. मध्ययुगीन जर्मनमध्ये त्याचे ‘टुओनोउवे’ असे रूप झाले, ज्याच्या शेवटच्या भागाला ‘आउ’ म्हणजे पाणथळ कुरण या ओळखीच्या शब्दाचे वळण मिळाले.

यावरून डोनाउ हे नाव संस्कृतमधून गेले असे म्हणता येत नाही. दोन बहिणींचे चेहरे मिळतेजुळते असतात ते त्यांची आई एक असल्यामुळे. एक बहीण दुसरीची मुलगी असते म्हणून नव्हे. वैदिक ‘दानु’, अवेस्तातील ‘दानु’ आणि केल्टिक नदीनाम ही एकाच प्राचीन शब्दाची भावंडे आहेत. मला स्वतःला हे नाते ‘आमच्याकडून गेले’ या दाव्यापेक्षा कितीतरी अधिक हृद्य वाटते. युरोपातील एवढ्या मोठ्या नदीच्या नावात एक मराठी वाचक, संस्कृतच्या ओळखीमुळे, पाझरणाऱ्या थेंबाचा अर्थ ऐकू शकतो, ही गोष्ट सांगायला मी कचरलो नसतो तर बरे झाले असते. ती मी आता लेखात घातली आहे, आणि याचे श्रेय आपल्या प्रतिक्रियेचे आहे.

एक लहान मुद्दा राहिला. डोनाउएशिंगेनच्या कुंडावर कोरलेला ‘समुद्रापर्यंत २८४० किलोमीटर’ हा आकडा फुर्टवांगेनच्या २८८८ ला खोटा पाडण्यासाठी आहे, असे आपण सुचवले आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी केली तर फरक ४८ किलोमीटरांचा येतो, आणि ब्रेगची लांबी जवळपास तेवढीच आहे. म्हणजे भांडणाऱ्या दोन गावांचे दगड मोजमापाच्या बाबतीत एकमेकांशी बऱ्यापैकी सहमत आहेत. डोनाउवरचे किलोमीटर मुखाकडून, सुलिना येथून, वरच्या दिशेने मोजण्याची पद्धत आहे. त्यामुळे ही मोजणी डोनाउएशिंगेनशी येते तेव्हा एका गावाने तेथे थांबायचे ठरवले आणि दुसऱ्याने आणखी डोंगर चढायचे ठरवले, एवढाच तो भेद आहे.

लेखातील पहिले वाक्य मी आता असे बदलले आहे : ‘डोनाउचा सर्वांत दूरचा उगम ब्रेगच्या झऱ्यात, १०७८ मीटर उंचीवर आहे, आणि डोनाउ हे नाव परंपरेने ज्या झऱ्याशी जोडले गेले तो त्याहून ४०० मीटर खाली, डोनाउएशिंगेनच्या उद्यानात आहे.’ मथळा मात्र मी तसाच ठेवला आहे.